एकापेक्षा जास्त इंटरनेट लाइनींवर ट्रॅफिक वाटणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान कार्यालयं, अभ्यासिका, दवाखाने आणि घरून काम करणाऱ्यांची घरं अशा ठिकाणी दोन-तीन लाइनी एका राउटरवर जोडून द्यायचं काम मी करतो. लोकांचे मेसेज बहुधा दोनदा येतात: लाइनी जोडल्याच्या पहिल्या आठवड्यात, आणि मग पहिल्यांदा एखादी लाइन बंद पडते तेव्हा. प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर आधी ६ आणि ७ वाचा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी त्या दोहोंतच मिटतात.

१. माझ्याकडे १०० एमबीपीएसची एक आणि ५० ची एक लाइन आहे. एकत्र केल्यावर १५० मिळतील ना?

सगळ्यांना मिळून, हो. एका डाउनलोडला, नाही.

खालापूरच्या टोलनाक्यावर दहा रांगा असल्या तरी तुमची गाडी एकाच रांगेतून जाते. रांगा वाढल्याने गाडीचा वेग वाढत नाही, मागची गर्दी लवकर सरकते. इथेही तसंच आहे. प्रत्येक कनेक्शन सुरू होताना राउटर ठरवतो की हे कुठल्या लाइनीवरून जाईल, आणि ते संपेपर्यंत त्याच लाइनीवर राहतं.

यामागे ठोस कारण आहे. प्रत्येक लाइन बाहेरच्या जगाला वेगळ्या सार्वजनिक आयपी पत्त्याने दिसते. समोरचा सर्व्हर तुम्हाला त्या पत्त्यावरून आणि पोर्टवरून (कनेक्शनला दिलेल्या क्रमांकावरून) ओळखतो. एकाच कनेक्शनची अर्धी पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) एका पत्त्यावरून आणि अर्धी दुसऱ्यावरून गेली, तर दुसरी पाकिटं सर्व्हरला अनोळखी वाटतात आणि तो ती टाकून देतो. म्हणून वाटणी कनेक्शननिहाय होते, पाकीटनिहाय नाही. एकाच डाउनलोडला खरोखर बेरीज हवी असेल तर त्याचा मार्ग वेगळा आहे. प्रश्न १६ पाहा.

घरात दोघंच असतील तर फायदा कमी जाणवतो. साठ मुलांच्या अभ्यासिकेत तो पहिल्याच संध्याकाळी दिसतो, कारण शेकडो कनेक्शनं दोन्हीकडे आपोआप विभागली जातात.

२. मग स्पीड टेस्टमध्ये कधी एकाच लाइनीचा वेग, तर कधी दोन्हींची बेरीज का दिसते?

बहुतेक स्पीड टेस्ट एकाच सर्व्हरशी एकाच वेळी अनेक कनेक्शनं उघडतात. राउटर फक्त ‘कोणाकडून, कोणाकडे’ एवढंच पाहून वाटणी करत असेल, तर ती सगळी एकाच लाइनीवर पडतात. तो पोर्ट क्रमांकही पाहत असेल तर ती विभागली जातात आणि बेरीज दिसते. म्हणजे हा आकडा तुमच्या राउटरची वाटणीची पद्धत सांगतो, लाइनींची ताकद नाही. बेरीज दिसावी म्हणून पद्धत बदलू नका. त्याची किंमत प्रश्न ६ मध्ये आहे.

३. कंपनीने दिलेला राउटर चालेल का? की नवा घ्यावा लागेल?

कंपनीने दिलेल्या डब्यात सहसा एकच लाइन घेण्याची सोय असते, त्यामुळे दोन वॅन पोर्ट (बाहेरची लाइन जोडायच्या जागा) असलेला वेगळा राउटर लागतो. छोट्या कार्यालयासाठी टीपी-लिंकचा ईआर६०५ पुरेसा होतो. ज्यांना हाताने नियम लिहायची तयारी आहे त्यांच्यासाठी मायक्रोटिकचे राउटर आहेत. जुना पण बरा राउटर घरात असेल तर त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मोफत प्रणाली टाकून एमवॅन३ हे पॅकेज वापरता येतं, आणि जुन्या संगणकात दोन-तीन नेटवर्क कार्डं बसवून पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हे राउटरचं सॉफ्टवेअर चालवता येतं.

दोन्ही कंपन्यांचे राउटर एकाच स्विचला जोडून काम भागत नाही. मग दोघंही पत्ते वाटू लागतात, कोणाला कुठला मिळेल ते नशिबावर. लॅपटॉपला एका बाजूने केबल आणि दुसरीकडून वायफाय लावूनही बेरीज होत नाही. विंडोज ज्या मार्गाचा मेट्रिक (पसंतीक्रमाचा आकडा) कमी तोच वापरतं, दुसरा नुसता जोडलेला राहतो.

४. दोन्ही लाइनी लावल्या, पण दुसरी चालूच होत नाही. दिवे तर सगळे हिरवे आहेत.

दोन्ही ओएनटींचे, म्हणजे फायबर जिथे येऊन जोडली जाते त्या डब्यांचे, पत्ते पाहा. बऱ्याच ओएनटी स्वतःला १९२.१६८.१.१ हाच पत्ता देतात. तुमच्या राउटरच्या दोन वॅन पोर्टांवर एकच नेटवर्क आलं की त्याला दोन्हींत फरक करता येत नाही. एका ओएनटीचा पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ असा काहीतरी करा, आणि तुमच्या आतल्या नेटवर्कला तिसराच पत्ता ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे कंपनीला सांगून ओएनटी ब्रिज मोडमध्ये (नुसता सांधा म्हणून) टाकून घ्या आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लाइनीचं, लॉगिन राउटरवरच करा. मग पत्त्यांचं भाषांतर दोनदा होणंही टळतं.

५. वाटणी कोणत्या प्रमाणात ठेवावी?

वेगाच्या प्रमाणात. २०० आणि १०० असेल तर २ : १. मात्र जाहिरातीतला वेग धरू नका. रात्री आठ ते अकराच्या दरम्यान तीन-चार दिवस प्रत्येक लाइन एकेकटी लावून मोजा, आणि अपलोडही मोजा.

हे प्रमाण कनेक्शनांच्या संख्येचं असतं, डेटाचं नाही. तीनपैकी दोन कनेक्शनं पहिल्या लाइनीवर गेली आणि तिसरं, जे दुसऱ्या लाइनीवर गेलं, ते नेमकं विंडोजचं मोठं अपडेट निघालं, तर तासभर चित्र उलटं दिसेल. त्यात काही बिघडलेलं नाही. दिवसभराची बेरीज पाहून ठरवा.

६. बँकेच्या साइटवरून सारखं लॉगआउट होतं. ओटीपी टाकला की ‘सेशन संपलं’ असं येतं. बँकेकडे विचारलं तर ते म्हणतात आमच्याकडून सगळं ठीक आहे.

बँक बरोबर सांगते आहे. दोष वाटणीच्या पद्धतीत आहे.

हे एकदा जवळून पाहिलेलं सांगतो. महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. एका सीएंच्या कार्यालयातून दुपारी फोन आला की चलन भरताच येत नाहीये. गेलो तर तिथल्या ताईंनी सहा वेळा लॉगिन केलेलं, मोबाइलवर सहा ओटीपी पडलेले. त्यांच्याच संगणकावर मी स्वतःचा आयपी दाखवणाऱ्या दोन वेगवेगळ्या साइट उघडल्या. एकीवर एक पत्ता, दुसरीवर दुसरा. बँकेचं लॉगिनचं पान एका सर्व्हरवर होतं आणि ओटीपी तपासणारं दुसऱ्यावर. राउटरने पहिलं कनेक्शन एका लाइनीवरून पाठवलं आणि दुसरं दुसरीवरून. बँकेच्या दृष्टीने एका गावातून लॉगिन केलेला माणूस क्षणात दुसऱ्याच पत्त्यावरून ओटीपी देत होता. सुरक्षेसाठी तिने सेशन तोडलं, आणि ते योग्यच होतं.

यावर उपाय असा की वाटणी फक्त आतल्या यंत्राच्या पत्त्यावरून करायची. ताईंचा संगणक एका लाइनीवर, शेजारचा दुसरीवर, आणि प्रत्येक यंत्राची सगळी कामं त्याच्याच लाइनीवरून. मायक्रोटिकमध्ये पीसीसी (कनेक्शनं वाटणाऱ्या) नियमात ‘बोथ अ‍ॅड्रेसेस’ऐवजी ‘सोर्स अ‍ॅड्रेस’ निवडा. एमवॅन३ मध्ये नियमाला ‘स्टिकी’ चालू करा. पीएफसेन्समध्ये ‘स्टिकी कनेक्शन्स’ हा पर्याय आहे. ईआर६०५ मध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन ऑप्टिमाइज्ड राउटिंग’ चालू ठेवा, मात्र ते समोरचा पत्ताही विचारात घेतं, त्यामुळे ओटीपीच्या अशा प्रकारात कमी पडू शकतं. तिथे हिशेबाचे संगणक नियम लिहून एका लाइनीला बांधून टाका.

एक बारीक गोष्ट इथे हमखास निसटते. अनेक जण पोर्ट ४४३ चा (सुरक्षित साइट ज्यावर चालतात त्याचा) स्टिकी नियम फक्त टीसीपी या जुन्या वाहतूक पद्धतीपुरता लिहितात. ब्राउझर आता बऱ्याच साइटशी क्विक या नव्या पद्धतीने बोलतात, आणि क्विक यूडीपी या दुसऱ्या वाहतूक पद्धतीच्या ४४३ वर चालतं. नियम दोन्हींना लागू करा, नाहीतर तक्रार अर्धीच जाईल आणि उरलेली अर्धी शोधणं फार कठीण होऊन बसेल.

या पद्धतीत एका यंत्राला दोन्ही लाइनींचा फायदा मिळत नाही. मला हा सौदा नेहमीच मान्य असतो. कार्यालयात चलन भरलं जाणं स्पीड टेस्टच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

७. एक लाइन बंद पडली, तरी राउटर अर्धी माणसं तिकडेच पाठवत राहिला. आपोआप दुसरीवर जायला हवं होतं ना?

राउटरला लाइन बंद पडल्याचं कळलंच नाही. त्याची केबल ओएनटीपर्यंत जाते, आणि ओएनटी चालूच होती. रस्त्यावर फायबर तुटली तर ओएनटीवर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल होतो, पण राउटरच्या दृष्टीने त्याची केबल जिवंत असते.

म्हणून प्रत्येक लाइनीवरून ठरावीक अंतराने दूरच्या पत्त्याला पिंग करून (‘आहेस का?’ अशी हाक मारून) पाहायचं असतं. ओएनटीच्या पत्त्याला पिंग करण्यात अर्थ नाही, तो नेहमी उत्तर देणार. फक्त कंपनीच्या गेटवेलाही (तिच्याकडच्या पहिल्या यंत्रालाही) करू नका, कारण पुढचा रस्ता बंद असला तरी गेटवे उत्तर देतो. ८.८.८.८ आणि १.१.१.१ असे निदान दोन पत्ते द्या, आणि दोन्ही गप्प झाले तरच लाइन बंद धरा. एकच पत्ता दिला आणि त्यानेच उत्तर देणं थांबवलं, तर चांगली लाइन विनाकारण बाहेर काढली जाते.

दर पाच सेकंदांनी तपासणी आणि सलग तीन वेळा अपयश, म्हणजे साधारण पंधरा सेकंदांत निर्णय. याहून घाई करू नका. पावसाळ्यात पाणी शिरलेल्या जोडामुळे लाइन मिनिटाला दोनदा जाते-येते, आणि राउटर तिच्यामागे धावत बसला तर कोणाचंच काम होत नाही. लाइन परत आल्यावर तिला आत घेण्यासाठी अट जास्त कडक ठेवा, सलग दहा-बारा यशस्वी पिंग तरी.

चाचणी घेताना राउटरची केबल उपटून पाहू नका. तो सोपा प्रसंग आहे आणि तो कुठलाही राउटर हाताळतो. ओएनटीच्या मागची हिरव्या टोकाची फायबर हळूच बाहेर काढा, टोकाला बोट लावू नका, एलओएस लाल होऊ द्या आणि घड्याळ लावून पाहा. माझ्या अनुभवात निम्म्या जागी पहिल्या चाचणीत काही ना काही सापडतं.

८. लाइन बदलली की चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटतो का?

हो, क्षणभर तरी. पत्ता बदलतो, त्यामुळे जुनी कनेक्शनं संपतात. बरीच कॉलिंग अ‍ॅप्स काही सेकंदांत स्वतः पुन्हा जोडून घेतात. मोठं डाउनलोड किंवा रिमोट डेस्कटॉप मात्र पुन्हा सुरू करावं लागतं.

एक चिवट प्रकार आयपी फोनचा आहे. लाइन बदलून तासभर झाला, सगळ्यांचं नेट चालू आहे, पण फोन मुके. राउटर प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवतो, आणि फोनची नोंद जुन्या लाइनीच्या पत्त्याने केलेली असते. फोन दर काही सेकंदांनी सर्व्हरला हाक मारत राहतो, त्यामुळे ती नोंद शिळी होऊन आपोआप पुसली जात नाही. लाइन पडताच तिच्या सगळ्या नोंदी पुसण्याची सोय राउटरमध्ये असते, ती चालू करा. नसेल तर फोन दोन-तीन मिनिटं बंद ठेवून सुरू करा.

९. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घेतल्या, तरी दोन्ही एकदमच जातात.

बाहेर जाऊन खांबाकडे बघा. शहरांतही बऱ्याच भागांत शेवटच्या टप्प्याची वायर एकच केबलवाला टाकतो, आणि दोन कंपन्यांची बिलं वेगळी असली तरी फायबर एकाच खांबावरून, एकाच डब्यातून येते. जेसीबीने खणताना एक तुटली की दुसरीही तुटते. नवी लाइन घेताना वायर कुठून येणार हे आधी विचारा. दोन्हींची वाट एकच असेल तर दुसरी म्हणून मोबाइल नेटवर्कवरची घ्या, मग वेग कमी असला तरी चालेल.

दुसरं कारण वीज. इन्व्हर्टर संगणकांना असतो, आणि ओएनटी मात्र कोपऱ्यातल्या साध्या प्लगवर असते. बऱ्याच ओएनटी १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. राउटर, दोन्ही ओएनटी आणि मधला स्विच, चारही त्यावर हवेत.

१०. काही व्हिडिओ अडकतात, काही साइट उघडायलाच वेळ लागतो. लाइन एकेकटी लावली की दोन्ही छान चालतात.

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा, तपासा. कंपनीचा डीएनएस सर्व्हर बहुधा फक्त स्वतःच्या ग्राहकांना उत्तर देतो. ‘अ’ कंपनीच्या डीएनएसला जाणारा प्रश्न राउटरने ‘ब’ च्या लाइनीवरून पाठवला तर नकार येतो, आणि मग संगणक थांबून दुसरा सर्व्हर शोधतो. तो थांबण्याचा काळ तुम्हाला ‘स्लो नेट’ वाटतो.

व्हिडिओचं कारण थोडं वेगळं. मोठ्या व्हिडिओ सेवा त्यांचे साठे इंटरनेट कंपन्यांच्या नेटवर्कातच ठेवतात. ‘अ’ च्या डीएनएसने ‘अ’ च्या पोटातला साठा सांगितला, आणि व्हिडिओ मात्र ‘ब’ च्या लाइनीवरून मागितला गेला, तर लांबचा वळसा पडतो. राउटरवर दोन्ही लाइनींसाठी एकच सार्वजनिक डीएनएस ठेवलात की पहिला त्रास जातो आणि दुसरा बराच कमी होतो.

साइट अर्धीच उघडते आणि रिफ्रेश केल्यावर नीट येते, असं असेल तर प्रकरण डीएनएसचं नाही. पीपीपीओई लाइनीवर पाकिटाची कमाल मर्यादा १५०० ऐवजी १४९२ बाइट असते. त्या लाइनीवर एमएसएस (पाकिटातल्या डेटाची मर्यादा) १४५२ ला बांधून घ्या. दोन लाइनींपैकी एकीवरच हा दोष असतो, म्हणून तो लहरी वाटतो.

११. दुसरी लाइन म्हणून सिमचा डोंगल किंवा फाइव्हजी चालेल का?

राखीव म्हणून उत्तम, वाटणीसाठी शक्यतो नको. डेटाची मर्यादा लवकर संपते आणि विलंब सारखा बदलतो. पीएफसेन्समध्ये त्याला मोठ्या क्रमांकाचा टियर (नंतरचा पसंतीक्रम) द्या, एमवॅन३ मध्ये जास्त मेट्रिक. मग पहिली लाइन पडल्यावरच तो वापरला जाईल. त्या वेळी क्लाउड बॅकअप आणि अपडेट अडवणारा नियमही लावून ठेवा, नाहीतर दिवसाचा डेटा तासाभरात जातो.

फायबरच्या ‘अमर्यादित’ योजनांनाही मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी महिन्याला ३३०० जीबी. अभ्यासिकेसारख्या जागी ती गाठली जाते, आणि मग प्रश्न ५ मधलं प्रमाण महिन्याच्या शेवटी बदलावं लागतं.

१२. घरून काम करते. ऑफिसचा व्हीपीएन लावला की दुसऱ्या लाइनीचा उपयोगच होत नाही.

व्हीपीएन म्हणजे राउटरच्या दृष्टीने एकच कनेक्शन, त्यामुळे ते एकाच लाइनीवर राहणार. तुमचा लॅपटॉप ज्या लाइनीचा विलंब कमी आणि स्थिर आहे तिला बांधा, आणि घरातला टीव्ही व मुलांचे फोन दुसरीवर ढकला. सगळ्यांत जास्त फरक यानेच पडतो. ऑफिसने ठरावीक आयपीलाच परवानगी दिली असेल, तर राखीव लाइनीचा पत्ताही त्यांच्याकडे आधीच नोंदवून ठेवा.

१३. सीसीटीव्ही बाहेरून पाहायचा आहे. एका लाइनीवरून दिसतो, दुसरीवरून नाही.

दोन शक्यता आहेत. दुसऱ्या लाइनीच्या वॅनवर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर ती कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवते. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती आतल्या यंत्राकडे पाठवणं) चालत नाही. स्थिर आयपी विकत घ्या किंवा कॅमेऱ्याची क्लाउड सेवा वापरा.

पत्ता खरोखर सार्वजनिक असेल तर परतीची वाट तपासा. विनंती दुसऱ्या लाइनीवरून आत आली आणि राउटरने उत्तर पहिलीवरून पाठवलं, तर पाहणाऱ्याचा फोन ते स्वीकारत नाही. आत येणाऱ्या कनेक्शनवर खूण करून उत्तर त्याच लाइनीने पाठवणारा नियम हवा.

१४. मायक्रोटिकवर पीसीसीचे नियम बरोबर लिहिले आहेत, तरी वाटणी मधूनच बिघडते.

फायरवॉलमधला फास्टट्रॅकचा (पाकिटं जवळच्या वाटेने पुढे ढकलणारा) नियम पाहा. कनेक्शन फास्टट्रॅक झालं की त्याची पाकिटं मँगलमधून (खुणा लावणाऱ्या टप्प्यातून) जात नाहीत, त्यामुळे तुमच्या खुणा लागत नाहीत आणि ती मुख्य राउटिंग टेबलने जातात. खूण असलेली कनेक्शनं फास्टट्रॅकमधून वगळा किंवा तो नियमच बंद करा. बंद केल्यावर प्रोसेसरवरचा भार वाढतो, तेवढी ताकद राउटरमध्ये आहे ना ते पाहा.

१५. आयपीव्ही६ चालू केल्यापासून राउटरचे नियम कोणी जुमानतच नाही.

आयपीव्ही४ ही पत्त्यांची जुनी पद्धत, आयपीव्ही६ नवी. आयपीव्ही४ मध्ये आतले पत्ते खासगी असतात, आणि राउटर बाहेर जाताना लाइनीप्रमाणे पत्ता बदलून देतो. आयपीव्ही६ मध्ये तसं नाही. प्रत्येक कंपनी तिचा स्वतःचा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) देते, आणि घरातल्या फोनला दोन्ही कंपन्यांचे पत्ते मिळतात. कुठला वापरायचा हे फोन ठरवतो. त्याने ‘अ’ चा पत्ता निवडला आणि राउटरने पाकीट ‘ब’ वरून पाठवलं, तर ‘ब’ कंपनी ते टाकून देते. दुसऱ्याचा पत्ता लावून आलेलं पाकीट पुढे पाठवायचं नाही, ही इंटरनेटवरची जुनी आणि योग्य शिस्त आहे.

घरासाठी माझा सल्ला असा: आयपीव्ही६ एकाच, जास्त भरवशाच्या लाइनीवर ठेवा, आणि ती लाइन पडली की प्रीफिक्स मागे घेतल्याची सूचना राउटरने यंत्रांना दिली पाहिजे. मग ती आयपीव्ही४ वर वळतात. दोन्हीकडे हवंच असेल तर प्रीफिक्स बदलून देणारी एनपीटीव्ही६ ही पद्धत आहे. तिची आरएफसी (इंटरनेटच्या पद्धती नोंदवणारा दस्तऐवज) ६२९६ ही २०११ ची आहे आणि तिच्यावर ‘प्रायोगिक’ हाच शिक्का आहे, पण पीएफसेन्ससारख्या ठिकाणी ती वापरता येते.

१६. तरीही मला एकाच अपलोडला दोन्ही लाइनींचा वेग हवा आहे. लग्नाचं चित्रीकरण लाइव्ह पाठवतो.

मग दुसऱ्या टोकालाही तुमचं यंत्र हवं. भाड्याचा सर्व्हर घ्यायचा, शक्यतो मुंबईतल्या डेटा सेंटरमधला, आणि दोन्ही लाइनींवरून त्याच्यापर्यंत बोगदे टाकायचे. तिथे पाकिटं पुन्हा क्रमाने लावली जातात आणि जगाला एकच पत्ता दिसतो. ओपनएमपीटीसीपीराउटर हे यासाठीचं मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि स्पीडिफाय हीच गोष्ट वर्गणी घेऊन करतं.

ओपनएमपीटीसीपीराउटरच्या मुळाशी मल्टिपाथ टीसीपी, म्हणजे एकच कनेक्शन अनेक वाटांनी नेणारी पद्धत, आहे. अ‍ॅपलने २०१३ साली आयओएस ७ मध्ये सिरीसाठी ते वापरलं, आणि २०२० मध्ये ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये ५.६ या आवृत्तीपासून आलं. दोन्ही लाइनींचा विलंब जवळपास सारखा असेल तर ते सुंदर चालतं. एक फायबर २० मिलिसेकंदांची आणि एक सिम १५० ची असेल, तर वेगवान लाइनीची पाकिटं हळू लाइनीच्या पाकिटांची वाट पाहत थांबतात, आणि बेरीज एकट्या फायबरपेक्षाही कमी होऊ शकते. लग्नाच्या हॉलमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिम वापरणं त्यापेक्षा बरं. मुहूर्ताच्या निदान दोन तास आधी, हॉलमध्ये गर्दी नसताना एकदा आणि पाहुणे जमल्यावर एकदा, असं दोनदा मोजून घ्या.

१७. मोठ्या कंपन्या दोन लाइनींवर एकच पत्ता कसा ठेवतात?

त्यांच्याकडे स्वतःचे पत्ते आणि स्वायत्त प्रणाली क्रमांक (इंटरनेटवर स्वतंत्र नेटवर्क म्हणून ओळख देणारा) असतो, भारतात तो आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेकडून मिळतो. बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना वाटा कळवण्याची पद्धत) वापरून ते तोच पत्ता दोन्ही कंपन्यांमार्फत जगाला जाहीर करतात. आयपीव्ही४ मध्ये निदान २५६ पत्त्यांचा गट लागतो, आणि दोन्ही कंपन्यांची बीजीपी द्यायची तयारी लागते, जी साध्या घरगुती फायबर योजनेत नसते. दोन-तीनशे संगणकांचं रुग्णालय किंवा महाविद्यालय असेल तर लीज्ड लाइन (फक्त तुमच्यासाठी राखलेली भाड्याची लाइन) घेताना हा प्रश्न जरूर विचारा. त्याहून लहान जागेत मी तो सुचवत नाही.